राखणीला राहिलेली राणी

दाबोळीहून बोगमाळोच्या समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भारतीय नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथल्या मोकळ्या आवारात विमानं मांडून ठेवली आहेत. बहुतेक सगळी जमिनीला धरून बसल्यासारखी दिसतात. ही एकटी उभी असते. लांबसडक पायांवर, अंग उचलून, परकर-पोलकं भिजू नये म्हणून कुणी ओढ्यात उभं राहावं तशी. नाक किंचित खाली झुकलेलं, पाठीला हलकी कमान, आणि मागं निमुळतं होत गेलेलं अंग शेवटी पुन्हा वर वळलेलं. त्या टोकाला एक नाही, तीन शेपट्या.

विमान हा शब्द नपुंसकलिंगी. पण हिला 'ते' म्हणायला जीभ वळत नाही. सुपर कॉन्स्टेलेशन हे तिचं पाळण्यातलं नाव. कॉन्स्टेलेशन म्हणजे तारकापुंज. जगभरचे तिचे लोक तिला लाडानं 'कॉनी' म्हणत. आमच्याकडे आली तेव्हा ती राणी झाली, आणि राणीपण संपल्यावर राखणीला राहिली. तिची ओळख मला नातवंडांमुळे झाली, आणि ती नीट झाली ती धाकट्याच्या एका प्रश्नामुळे.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याची नातवंडं माझ्याकडे शिरोड्याला येतात. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. यंदा आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना आरवलीला वेतोबाच्या पाया पडायला नेलं. देवापुढं केळ्यांचे घड होते, आणि कातडी चपला होत्या. माणसाच्या पायात न मावणाऱ्या, हातभर लांबीच्या. धाकटा त्यांच्यासमोरून हलेना. मी त्याला सांगितलं, वेतोबा आपला राखणदार. रात्री गाव झोपला की तो शिवेवरनं फेरी मारतो. चालून चालून चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो झोपतो कधी?" मला उत्तर सुचलं नाही. "आपण जागे असतो तेव्हा," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही गोव्यात आलो. मांडवी ओलांडली, जुवारी ओलांडली, आणि संग्रहालयाच्या दारात गाडी थांबताच दोघं सुटली.

लहान मुलांना संग्रहालय दाखवणं मोठ्यांना कठीण जातं, कारण मोठ्यांना सगळं दाखवायचं असतं. पाटी वाचायची, पुढं जायचं, पुन्हा पाटी वाचायची. पाच वर्षांच्या पोराला पाटीशी काही देणंघेणं नसतं. तो आधी पळतो. पळून पळून एखाद्या गोष्टीपाशी आपणहून थांबतो. तो थांबेल तिथं आपणही थांबावं, एवढंच आपलं काम. माझी दोघं पंख दुमडलेल्या विमानांभोवती फिरली, हेलिकॉप्टरच्या पात्यांखाली उभी राहिली आणि शेवटी ऊन चढल्यावर आपोआप तिच्या पंखाच्या सावलीत आली. त्या मैदानात ऐसपैस सावली तिचीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचे पंख सुमारे 37 मीटर भरतात. मी पाण्याची बाटली काढली, पिशवीतला खाऊ काढला आणि ठरवलं, आता हिच्याशीच बोलायचं. बाकीची राहिली तर राहू देत.

"आजी, हा तर बांगडा!" धाकटा म्हणाला.

मासळीबाजारात वाढलेल्या बाईच्या नातवाची नजर ती! पण तो चुकला नव्हता. आजची प्रवासी विमानं म्हणजे सरळसोट नळकांडी. पुढून मागपर्यंत तोच घेर, तीच रेघ. हिचं अंग मात्र खरोखर माशासारखं आहे. पोटाशी भरलेलं, दोन्हीकडे निवळत गेलेलं आणि वाकलेलं. असं अंग घडवायला फार कष्ट पडतात. नळकांड्याच्या बरगड्या एकाच मापाच्या, हिची बरगडी न्‌ बरगडी वेगळी. म्हणूनच पुढं कुणी अशी विमानं बांधली नाहीत. पण तो वाक नुसता देखणेपणासाठी नव्हता. तिचे पंखे मोठे, पात्याच्या टोकापासून टोकापर्यंत साडेचार मीटरच्या आसपास. ते जमिनीला लागू नयेत म्हणून अंग उंच उचलावं लागलं, म्हणून पाय लांब झाले. पुढचा पाय फारच लांब आणि नाजूक होऊ नये म्हणून नाक खाली झुकवलं. आज आपण ज्याला डौल म्हणतो, ती तिच्या घडवणाऱ्यांनी एकेका अडचणीतनं काढलेली वाट आहे.

"आणि तीन शेपट्या कशाला?" थोरलीनं विचारलं.

एकच शेपटी ठेवली असती तर ती पार उंच गेली असती आणि त्या काळच्या हँगरच्या दारातनं आत शिरली नसती. म्हणून एका उंच शेपटीचं काम तीन बुटक्या बहिणींत वाटून दिलं. थोरलीला हे फार आवडलं. तिनं बोटांवर हिशेब मांडला : पाय तीन, शेपट्या तीन, पंख्याची पातीही तीन-तीन. चार इंजिनांची मिळून बारा. तीनचा पाढा तिथंच पाठ झाला.

इंजिनाबद्दल मुलांना काय सांगावं हा प्रश्न होता. हिची इंजिनं राइट कंपनीची. एकेकाला गोलाकार दोन रांगांत मांडलेले 18 सिलिंडर, आणि प्रत्येकाची ताकद 3 हजार अश्वशक्तीच्या वर. पण तिचं खरं वैशिष्ट्य दुसरंच आहे. इंजिनातनं बाहेर पडणारा गरम धूर ती वाया जाऊ देत नसे. त्या धुरावर छोटी टर्बाइनं फिरत आणि त्यांची ताकद पुन्हा इंजिनाच्याच दांड्याला मिळे. आमच्या जुन्या घरात चुलीला वैल होता. चुलीवर भात शिजे आणि त्याच धगीवर वैलावर पाणी तापे. वेगळं लाकूड लागत नसे. "हिच्या प्रत्येक चुलीला वैल होता," मी म्हटलं. थोरलीनं वैल पाहिला आहे. तिला कळलं.

पण वैलाची चूल सांभाळायला हात लागतो. हिची इंजिनंही नाजूक स्वभावाची. तापत, कुरकुरत, कधी वाटेतच एखादं बंद करावं लागे. पुढं बसलेल्या दोन वैमानिकांखेरीज इंजिनांकडे डोळा लावून बसणारा एक फ्लाइट इंजिनिअर तिच्यासोबत कायम असायचा. पुढ्यात तबकड्यांची भिंत, आणि त्या तबकड्यांत चारही इंजिनांचा ताप, दाब, श्वास. आजारी माणसाच्या उशाशी घरातलं कुणीतरी बसतं, तसा तो रात्रभर बसे. आणि एक इंजिन गेलं तरी ती उरलेल्या तिघांवर घरी येई. चार जणींच्या संसारात एक आडवी पडली की बाकीच्या तिघी काम वाटून घेतात, तसं.

तिचं माहेर अमेरिकेत, कॅलिफोर्नियात बर्बँकला. लॉकहीड कंपनीच्या कारखान्यातून 1943 साली तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे साध्या कॉन्स्टेलेशननं पहिलं उड्डाण केलं. ही सुपर म्हणजे धाकटी. बहिणीपेक्षा साडेपाच मीटरनं लांब आणि जास्त बळाची. मुंबईशी या घराण्याचं नातं त्या थोरल्या बहिणीनं जोडलं. 8 जून 1948 च्या रात्री 'मलाबार प्रिन्सेस' नावाची कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाली. एअर इंडियाचं युरोपला जाणारं ते पहिलं उड्डाण. सहा वर्षांनी, 1954 पासून, सुपर कॉन्स्टेलेशन येऊ लागल्या. एअर इंडियाचं चिन्ह महाराजा, तेव्हा या आल्या त्या राण्या होऊनच. त्यांच्या अंगावर नावंही तशीच लिहिली. त्यांतली एक होती 'रानी ऑफ झाँसी'. याच राण्यांनी एअर इंडियाला पूर्वेचा रस्ता दाखवला. 1955 मध्ये टोकियो, 1956 मध्ये सिडनी. सांताक्रुझच्या धावपट्टीवरून त्या उठत तेव्हा आत गालिचे असत, आदबीनं पुढं येणारं जेवण असे आणि प्रवासाला दिवस-दिवस लागत.

"म्हणजे ही आधी सैन्यातली नव्हती?" थोरली जराशी हिरमुसली. तिला तोफा हव्या होत्या.

"नव्हती. ही माणसं नेणारी."

मग मी तिला थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. धाकटा तेव्हा मुंग्यांच्या रांगेत गुंतला होता, ते बरंच झालं. 11 एप्रिल 1955. बांडुंगच्या आशिया-आफ्रिका परिषदेला निघालेले चिनी शिष्टमंडळातले लोक आणि पत्रकार घेऊन एअर इंडियाची 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून निघाली. ही साधी कॉन्स्टेलेशन. कुणीतरी तिच्यात बॉम्ब ठेवला होता. तो समुद्रावर असताना फुटला आणि पंखाला आग लागली. कॅप्टन दामोदर जटार यांनी जळतं विमान शेवटपर्यंत हाताखाली ठेवून पाण्यापर्यंत आणलं. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी आणि बाकीचे कर्मचारी त्या धुरात प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं देत होते. 19 जणांपैकी 16 गेले. जटार गेले, बेरी गेल्या. तिघंच वाचले. त्यांत अनंत कर्णिक होते. विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर, आपल्या मुलखातले. तासन्‌तास समुद्रात पोहून ते जगले आणि पुढं त्यांनी त्या प्रसंगावर पुस्तक लिहिलं. जटार, बेरी, कर्णिक आणि त्यांच्यासोबत वाचलेले दोघं, या पाचही जणांना अशोकचक्रानं गौरवलं. युद्धात नव्हे, प्रवाशांची काळजी घेताना दाखवलेल्या धैर्यासाठी.

थोरली बराच वेळ वर पाहत राहिली. हिच्या अंगाला खिडक्या आहेत. लढाऊ विमानाला असतो तसा एकट्या माणसापुरता काचेचा घुमट नव्हे, ओळीनं खिडक्या. "म्हणजे त्या काकू अशाच खिडकीजवळ होत्या," ती म्हणाली. गोष्ट तिला पोचली होती. मी आणखी काही बोलले नाही.

राणीपण फार टिकलं नाही. 1960 मध्ये एअर इंडियाकडे बोइंग 707 आलं. जेट विमान, वेग जवळजवळ दुप्पट, प्रवास निम्म्यावर. मुंबई-लंडनच्या आकाशात या पंख्याच्या राण्या एकाएकी म्हाताऱ्या दिसू लागल्या. वय पाच-सात वर्षांचं, आणि म्हाताऱ्या! विकून टाकाव्यात, मोडीत काढाव्यात, हा सरळ हिशेब होता. पण तिच्यात एक गुण होता, त्याला वेगाशी काही देणंघेणं नव्हतं. ती दमत नसे. एकदा उडाली की दहा-बारा तास हवेत राहणं हा तिच्या हातचा मळ. हा गुण ज्याला हवा होता त्यानं तिला उचललं.

हवाई दलाची सहा नंबरची स्क्वाड्रन, जी आधी पुण्यात लिबरेटर विमानांनिशी पुन्हा उभी राहिली होती, तिच्याकडे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला या राण्या आल्या. काही जणी माणसं आणि सामान वाहू लागल्या, काहींना समुद्रावर नजर ठेवण्याचं काम मिळालं. आतले गालिचे गेले, रडार आलं. 1971 च्या युद्धात त्या समुद्रावर फेऱ्या मारत होत्या. आणि 1976 च्या नोव्हेंबरात, समुद्रावरची टेहळणी नौदलानंच करावी असं ठरल्यावर, पाच सुपर कॉन्स्टेलेशन नौदलात दाखल झाल्या. त्यांच्यासाठी 312 क्रमांकाची स्क्वाड्रन इथंच, गोव्यात, उभी राहिली. तिचं चिन्ह अल्बेट्रॉस. महिनोन्‌महिने जमिनीवर न उतरणारा, समुद्रावर तरंगत राहणारा पक्षी. हिला याहून शोभेलसं चिन्ह दुसरं नव्हतं.

टेहळणी म्हणजे काय, हे मी मुलांना असं सांगितलं : पहाटे उठायचं, समुद्रावर जायचं आणि बघायचं. एक तास, दोन तास, आठ तास, दहा तास. खाली निळं पाणी, वर निळं आकाश. मधेच एखादं जहाज दिसतं. खाली यायचं, त्याचं नाव वाचायचं, ते कुठून कुठं चाललंय ते लिहून घ्यायचं आणि पुन्हा वर. मग पुन्हा नुसतं पाणी. चार इंजिनांची घरघर कानात, अंगात, दातांत. आणि संध्याकाळी घरी.

"आणि काही नाही दिसलं तर?" थोरलीनं विचारलं.

"मग लिहायचं, काही नाही दिसलं."

"मग काय उपयोग?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात धाकटा मुंग्या सोडून उठला. बोलणं त्याच्या कानावर पडत होतं तर! तो तिच्या चाकांकडे गेला, उकिडवा बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टायर न्याहाळू लागला. मग मागं वळून त्यानं विचारलं, "आजी, हिच्या चपला झिजल्यात का?"

त्या मैदानात मी किती वेळ काही बोलले नाही ते मला आठवत नाही. इंजिनं, वर्षं, नावं सांगून मला जे जमलं नव्हतं ते त्या पोरानं चार शब्दांत केलं. तिला त्यानं तिच्या जागी नेऊन ठेवलं. राखणदार! गाव झोपलेला असताना शिवेवरनं फिरणारा. कुणी बघत नाही, कुणी दाद देत नाही. सकाळी लोक उठतात तेव्हा काहीच घडलेलं नसतं. तेच त्याचं काम आणि तीच त्याची खूण.

"झिजल्या रे," मी म्हटलं. "पुष्कळदा झिजल्या." आणि ते खरंच आहे. विमान उतरतं तेव्हा त्याचं चाक थांबलेलं असतं आणि जमीन वाऱ्यासारखी पळत येते. टेकताक्षणी रबर घासतं, धूर निघतो, प्रत्येक उतरण्याला थोडं थोडं झिजतं. मग टायर बदलतात. "तिलाही लोक नव्या चपला घालायचे."

"वेतोबासारख्या?"

"वेतोबासारख्या."

थोरलीचा तोफांचा हट्ट सुटला नव्हता. म्हणून मग आम्ही शेजारपाजार पाहून आलो. पलीकडे सी हॉक आहे. आखूड अंगाचं जेट, जहाजावर जागा कमी म्हणून पंख उभे दुमडणारं. 1971 च्या डिसेंबरात विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून अशाच सी हॉकनी उडून कॉक्स बाजार आणि चित्तगाँगवर हल्ले केले. आलीझे आहे, तेही विक्रांतचंच. सरळ उभं उतरू शकणारं सी हॅरियर आहे, ते 2016 पर्यंत दाबोळीच्याच नौदल तळावरून उडत होतं. पाण्यावरही उतरणारं छोटं सीलँड आहे. 1953 मध्ये नौदलाची हवाई शाखा सुरू झाली ती त्याच्यापासून. सगळी आपापल्या जागी मोठी आहेत आणि थोरलीला सी हॉक मनापासून आवडलं. पण सगळं बघून दोघं पुन्हा हिच्याच सावलीत आली. कुणी सांगितलं नव्हतं. सावली मोठी, हे तर झालंच. पण मला वाटतं, मुलांना कळतं, कुणापाशी निवांत बसता येतं ते.

"हिनं किती माणसं मारली?" थोरलीनं विचारलं. मुलं हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं तो टाळतात. मी टाळला नाही. मी म्हटलं, "सैन्यात सगळ्यांचं काम मारायचं नसतं. कुणी लढतं, कुणी औषध देतं, कुणी रस्ता बांधतं, आणि कुणी जागं राहतं. हिचं काम जागं राहायचं होतं. जो जागा असतो त्याच्यामुळे पुष्कळदा लढावंच लागत नाही." हे सांगताना मला तिचा, म्हणजे त्या विमानाचा, आधार वाटला. ती समोर उभी होती. इतक्या मोठ्या देहाची, आणि तिच्याकडे बघून भीती वाटत नव्हती.

या दाबोळीनं हिच्या जातीची आणखी एक आठवण जपली आहे. तीही मी मुलांना सांगितली, कारण ती याच जमिनीवर घडली. 18 डिसेंबर 1961. गोवा मुक्तीची लष्करी मोहीम सुरू झाली होती. भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टीला खड्डे पडले. विमानतळावर तेव्हा पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानं उभी होती आणि त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन होतं. रात्री अंधारात, शाबूत उरलेल्या तोकड्या पट्टीवरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. आत पोर्तुगीज अधिकाऱ्यांची बायकामुलं होती.

"म्हणजे ती वाईट लोकांची होती?" धाकट्यानं विचारलं.

"त्या रात्री ती लहान मुलांची होती," मी म्हटलं.

साडेचारशे वर्षांची परकी सत्ता जायलाच हवी होती. ती गेली याचा माझ्या पिढीला अभिमान आहे. पण त्या रात्री आईच्या मांडीवर घाबरून बसलेल्या पोरांना तिनं सुखरूप नेलं, हेही मला तिच्या कुळाचं भूषण वाटतं. आणि पंधरा वर्षांनी त्याच दाबोळीत तिच्याच घराण्यातल्या पाच जणी आल्या. या वेळी याच किनाऱ्याच्या राखणीला.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या थकल्या. सुटे भाग मिळेनासे झाले, असल्या इंजिनांना सांभाळणारे हातही कमी होत गेले. पण 312 हा आकडा विझला नाही. 1988 मध्ये त्याच स्क्वाड्रनकडे रशियन बनावटीची अजस्र तुपोलेव्ह 142 विमानं आली. ती 2017 मध्ये निवृत्त झाली, आणि त्यांतलं एक आता विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर हिच्यासारखंच मुलांना भेटायला उभं आहे. आज 312 कडे पी-8आय ही जेट विमानं आहेत. त्यांचा तळ तमिळनाडूत अरक्कोणमला. विमानं बदलली, गाव बदललं, पहारा तोच राहिला. आमच्याकडे देवळातली पाळी अशीच घराघरांतनं फिरते. माणसं बदलतात, दिवा विझत नाही.

निघताना धाकट्यानं तिच्या पुढच्या चाकासमोर दोन्ही हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग तिनंही जोडले. त्याच क्षणी पलीकडच्या धावपट्टीवरून एक प्रवासी विमान गर्जत उठलं आणि समुद्रावर वळलं. ते जाईपर्यंत आम्ही तिघं मान वर करून उभी होतो. चौथी ती.

बोगमाळोचा किनारा तिथून जवळच. पोरांना भूक लागली होती, तिथं बसून पोळीचे लाडू खाल्ले. धाकटा वाळूत किल्ला करायला लागला. थोरली मात्र गुडघे पोटाशी घेऊन पाण्याकडे तोंड करून बसली. मी दोनदा हाक मारली, ती आली नाही. शेवटी मीच तिच्याशेजारी जाऊन बसले.

"काय बघत्येस गो?"

"बघत्येय, काही येतंय का."

भरतीचं पाणी चढत होतं. दूर क्षितिजावर एक होडी होती, ती तिनं मोजली होती. ऊन कलून समुद्राचा रंग पितळेसारखा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. आठ वर्षांच्या पोरीच्या मानानं तो फार मोठा पहारा होता. मग उठली, फ्रॉकची वाळू झटकली आणि माझा हात धरून म्हणाली,

"काही नाही आलं, आजी."

दुपारी तिनं मला विचारलं होतं, काही दिसलं नाही तर काय उपयोग. मी उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आता ते द्यायची गरज उरली नव्हती. ती इतक्या समाधानानं ते म्हणाली, की वाटलं, वर मैदानात उभ्या असलेल्या राणीला हे ऐकू जायला हवं.